बाण चुकतो कोठे?



धनुष्यबाणाच्या विषयावर बोलायला एखादा पुराणिक बोलवावा किंवा एखादा क्रीडाशिक्षक बोलवावा, अशी रीत आहे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस कार्यवाहांनी या व्यासपीठावर आणून बसवला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि बाजार समितीच्या आवारात. तेव्हा आज आम्ही अर्जुनाच्या पराक्रमाचे व्याख्यान देणार नाही. धनुष्य हे एक हत्यार आहे, हत्यार म्हणजे श्रमाचे साधन, आणि साधन बिघडले की दोष कोणाच्या माथी बसतो, हा आमच्या रोजच्या धंद्यातला प्रश्न आहे. त्या बाजूने आम्ही या विषयात शिरलो आणि शिरल्यावर त्यात गुंतून गेलो.

प्रथम एक खुलासा केलेला बरा. विषयपत्रिकेवर ‘शिकारीचे धनुष्य’ असे शब्द छापले आहेत. शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. आपल्याच जिल्ह्यात कारंज्याजवळ सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. रोही आणि रानडुक्कर यांनी सोयाबीन व तूर तुडवली की शेतकऱ्याचा संताप होतो; तो संताप आम्ही जाणतो, पण त्यावर तीरकमठा हा उपाय नव्हे, आणि आजचे बोलणे त्यासाठी नाही. मात्र धनुष्य जुळवण्याची विद्या शिकारी लोकांनीच वाढवली आहे. लक्ष्याच्या फळीवर बाण चुकला तर दोन गुण जातात. रानात चुकला तर जनावर जखमी होऊन झुडपात जाते आणि तडफडून मरते. ज्यांच्या चुकीची किंमत एवढी मोठी होती, त्यांनी आपले हत्यार बारकाईने तपासायला शिकावे हे ओघानेच आले. सातपुड्यातले भिल्ल आणि मेळघाटातले कोरकू यांच्या बांबूच्या कमठ्यापासून आजच्या चाकांच्या धनुष्यापर्यंत हीच विद्या आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बाण धनुष्यातून कसा सुटतो? सरळ सुटतो, असे आपल्याला वाटते. तो सरळ सुटत नाही. उजव्या हाताचा माणूस धनुष्य डाव्या हातात धरतो आणि बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकवतो. दोरी मात्र धनुष्याच्या मधोमध असते. म्हणजे बाणाचे शेपूट मध्यावर आणि तोंड किंचित डावीकडे. दोरी सोडली की ती पुढे धावते, आणि जसजशी पुढे जाते तसतशी ही तिरपाई वाढत जाते. सरळ हिशेब केला तर प्रत्येक बाण डावीकडे गेला पाहिजे. पण कसलेल्या धनुर्धराचा बाण तर नेम धरला तेथे जातो! हे कोडे पाश्चात्त्य धनुर्धरांनाही पडले होते, आणि त्याला त्यांनी ‘धनुर्धराचा विरोधाभास’ अशा अर्थाचे नावच देऊन टाकले. १९३० च्या दशकात हिकमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाने सुटणारा बाण टिपला, तेव्हा सर्व प्रकार डोळ्यांना दिसला.

बाण वाकतो. दोरीचा धक्का मागून बसतो, टोकाचे वजन पुढे जागचे हलायला तयार नसते, आणि मधली काडी दोहोंच्या कैचीत सापडते. शिवाय बोटांवरून दोरी सुटताना ती थोडी बाजूला घसरतेच. काडी आधी मुठीकडे बाक घेते, मग उलट बाजूला बाक घेते, आणि त्या झोकातच मुठीला वळसा घालून, तिला शेपूट लागू न देता, निघून जाते. पुढे हवेत मासा पोहावा तशी ती काही अंतर हलत जाते आणि पिसांच्या आधाराने हळूहळू शांत होते. हे वाकणे म्हणजे बाणाचा दोष नव्हे. बाण वाकला नाही तर तो मुठीला आपटेल. पण तो किती वाकावा, याला माप आहे. फार ताठ असेल तर वळसा पुरा होत नाही आणि बाण डावीकडे जातो. फार लवचिक असेल तर वळसा जास्त होतो आणि बाण उजवीकडे जातो. डावखुऱ्यासाठी हेच उलटे समजावे.

म्हणजे धनुष्य आणि बाण ही दोन वेगळी खरेदी नव्हे. ती बैलजोडीसारखी जमवावी लागते. एक बैल कितीही उमदा असला तरी दुसऱ्याशी जमला नाही तर तास वाकडेच जाते. काडीच्या या ताठपणाला धनुर्विद्येत ‘स्पाइन’ म्हणतात. तो मोजायची रीत इतकी साधी आहे की ती ऐकून आम्हाला आमच्या मापाडी मित्रांची आठवण झाली. कार्बनच्या काडीला २८ इंच अंतरावर दोन टेकू देतात, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात, आणि काडी किती खाली झुकली ते पाहतात. अर्धा इंच झुकली तर तिच्यावर ५०० हा आकडा छापतात, म्हणजे इंचाचे पाचशे सहस्रांश. आकडा मोठा तितकी काडी लवचिक. लाकडी काड्यांसाठीची जुनी रीत २६ इंच आणि दोन पौंड अशी आहे. यात कोणतेही गुपित नाही आणि कोणतेही महागडे यंत्र नाही.

आता आम्ही या भानगडीत पडलो कसे ते सांगतो. आमच्या संघटनेतल्या एका हमालाचा मुलगा आश्रमशाळेतून तिरंदाजीला लागला. आपल्याकडे बहुतेक गरीब मुले ‘इंडियन राउंड’ या प्रकारातून सुरुवात करतात. बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य, त्यावर नेम धरायची दुर्बीण नाही, तोल सांभाळणाऱ्या दांड्या नाहीत. मुलगा मेहनती. पण त्याचे बाण फळीवर कोठेही जात. पाच बाण जवळजवळ बसत, तर दोन-तीन हमखास डावीकडे भरकटत. शिकवणाऱ्या गृहस्थांनी निदान केले की पोराची बोटे दोरी ओढून सोडतात, हात स्थिर नाही, मन एकाग्र नाही. दोन महिने त्याला हात सुधारायला लावले. हात सुधारेना. मग त्याला निवडीच्या यादीतून वगळायचे ठरले.

श्रोतेहो, आम्ही तीस वर्षे एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकले आहे. माल बिघडला : कामगार निष्काळजी. गठाण सुटली : कामगार आळशी. पट्टा तुटून बोट गेले : कामगाराचे लक्ष नव्हते. चौकशी व्हायची ती माणसाची. यंत्राची चौकशी करा म्हटले की व्यवस्थापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्ही असे म्हणत नाही की कामगार कधी चुकत नाही. तो चुकतो. पण मापाड्याला चोर म्हणण्यापूर्वी रिकाम्या काट्याचा तोल पाहावा की नाही? काटाच एका अंगाला झुकत असेल तर मापाड्याला शपथा घालून काय उपयोग? त्या पोराच्या बाबतीत आम्हाला एवढेच विचारावेसे वाटले की बाण कोणी तपासले आहेत काय? कोणीच तपासले नव्हते.

मग एका रविवारी आम्ही, एक मापाडी, एक सायकल दुरुस्त करणारा आणि तो मुलगा, असे बसलो. फळीवर दोन खिळे २६ इंचांवर ठोकले. बाजारातली वजने होतीच : पाचशेचे एक आणि दोनशेची दोन, मिळून नऊशे ग्रॅम. दोन पौंडांना सात ग्रॅम कमी पडत होते, पण आम्हाला पुस्तकातला आकडा नको होता, काड्यांमधला फरक हवा होता. एकेक बाण खिळ्यांवर ठेवून वजन टांगले आणि झोल मिलिमीटरच्या पट्टीने मोजला. बांबूची काडी सर्व बाजूंनी सारखी वाकत नाही; म्हणून दोरीच्या खाचेची बाजू प्रत्येक वेळी एकच ठेवली. बारा बाणांपैकी पाच बाण वीस ते बावीस मिलिमीटर झुकले. चार बाण सोळा-सतरावर थांबले. उरलेले तीन बारा-तेराच्या पुढे जाईनात. त्याच्या धनुष्याची ओढ तीस पौंडांच्या आत होती. ते तीन बाण पन्नास पौंडांच्या धनुष्याला शोभावेत इतके ताठ होते. मुलाने ते तीन बाण हातात घेतले, निरखून पाहिले आणि म्हणाला, “काका, डावीकडं जाणारे हेच हायेत.” त्याने प्रत्येकावर नखाने खूण करून ठेवली होती. त्याला हे आधीपासून ठाऊक होते. फक्त त्याला कोणी विचारले नव्हते.

ही एक गठडी होती, एकाच दुकानातून आलेली, दिसायला एकसारखी. बांबू हे झाड आहे, गिरणीत कातलेले सूत नव्हे. एकाच बेटातल्या दोन काठ्या सारख्या निघत नाहीत. भिल्ल शिकाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तो काडी हातात घेऊन गुडघ्यावर वाकवून पाहतो आणि न जमणारी टाकून देतो. दुकानदाराला मात्र डझन पुरा करायचा असतो.

त्या बाणांचे पुढे काय केले तेही सांगतो, कारण त्यातच या विद्येचा अर्धा भाग आला. ताठ बाणाला लवचिक करण्याचे मार्ग थोडे आहेत. टोकाचे वजन वाढवले तर काडी जास्त वाकते. काडी लांब ठेवली तर जास्त वाकते. म्हणून नवी काडी कापताना आधी लांबच ठेवावी, कारण कापलेली जोडता येत नाही. धनुष्याची ओढ वाढवली तरी तोच बाण अधिक लवचिक असल्यासारखा वागतो. मुलाची ओढ वाढवणे शक्य नव्हते. सोळा-सतरावाल्या चार बाणांच्या टोकामागे सायकलवाल्याने पितळी तार गुंडाळून बसवली, आणि ते चार पहिल्या पाचांच्या जवळ आले. तीन बाण बाजूला ठेवले. नऊ बाणांवर त्या मुलाने तो हंगाम काढला, आणि यादीत त्याचे नाव राहिले. तो पुढे फार मोठा खेळाडू झाला असे सांगून आम्ही टाळ्या घेणार नाही. तो पोलीस भरतीच्या तयारीला लागला आणि बाण अजून मारतो. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. हमालाच्या पोराला त्या दारापर्यंत पोहोचायला दोन किंवा तीन हंगाम मिळतात. त्यातला एक हंगाम वाईट बाणांनी खाल्ला तर तो परत मिळत नाही.

बाण जमले म्हणजे सर्व जमले असे नाही. धनुष्याकडेही पाहावे लागते. येथे आम्हाला पिंजाऱ्याची आठवण येते. आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गाद्या भरणारा पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरत असे. जुन्या श्रोत्यांच्या कानांत त्या तातीचा आवाज असेल. तात ढिली झाली की तो आवाजावरूनच ओळखे. धनुष्याची दोरीही बोलते. दोरी आणि मूठ यांच्यात जे अंतर असते त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. साध्या लांब धनुष्याला मूठ मिटून अंगठा ताठ उभा केला की जेवढे अंतर भरते, तेवढे, म्हणजे सहा-सात इंच, हा जुना ढोबळ हिशेब. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या वळलेल्या टोकांच्या मोठ्या धनुष्याला ते साडेआठ-नऊ इंचांच्या आसपास असते. दोरीला पीळ घातला की ती आखूड होते आणि अंतर वाढते. पीळ काढला की कमी होते. अंतर फार कमी असेल तर दोरी बाणाला जास्त वेळ चिकटून राहते. बाण थोडा वेगाने जातो खरा, पण हाताची लहानशी चूकही तो उचलतो, आणि दोरी मनगटावर फटका मारते ती वेगळीच. कसलेले लोक दोन-चार पीळ घालून, दोन-चार काढून, बाण मारत मारत जेथे धनुष्य सर्वांत कमी खणखणते तेथे थांबतात. आवाज म्हणजे वाया गेलेली शक्ती. जी बाणात जायला हवी होती ती लाकडात कंप होऊन फिरते. याच कारणाने बाण न लावता रिकामी दोरी कधीही सोडू नये. सर्व शक्ती भुजांत परतते आणि चांगले धनुष्य दुभंगते. पोरे गंमत म्हणून हे करतात आणि मग धनुष्य फाटले म्हणून रडतात.

वरची व खालची भुजा सारखी वाकते की नाही, हेही पाहायचे असते. बांबूचा कमठा करणारा कारागीर तो भिंतीला टांगून, दोरी ओढून, दोन्ही अंगांचा बाक नजरेने पाहतो, आणि जी भुजा ताठ वाटेल तिच्यावरून चाकू फिरवतो. एका भुजेवरून जास्त खरवडले तर दुसऱ्या भुजेवरून खरवडून बरोबरी करावी लागते आणि धनुष्य दोन्हीकडून दुबळे होत जाते. हा संयमाचा धंदा आहे. त्याला ‘कला’ म्हणून हार घालतात आणि मजुरी द्यायची वेळ आली की ‘हे तर रानातले लोक’ म्हणतात.

आता तपासणीची जी रीत आम्हाला सर्वांत आवडली, ती सांगतो. बाणाला पिसे असतात, आणि पिसे बाणाची चूक झाकतात. वाकडा सुटलेला बाणही पिसांच्या जोरावर पाच-दहा मीटरांत सावरतो, आणि आपल्याला वाटते की सर्व ठीक आहे. म्हणून चांगला धनुर्धर एक-दोन बाणांची पिसे काढून टाकतो. तो नागडा बाण आणि पिसांचे बाण एकाच अंतरावरून मारतो. आधी अगदी जवळून, मग अठरा-वीस मीटरांवरून. नागडा बाण खोटे बोलत नाही. उजव्या हाताच्या माणसाचा नागडा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर काडी ताठ. उजवीकडे लागला तर लवचिक. तो त्यांच्या वर लागला तर दोरीवर बाण बसवण्याची जागा फार खाली आहे. खाली लागला तर ती जागा फार वर आहे. ती जागा म्हणजे दोरीवर गुंडाळलेला चार वेढ्यांचा धागा. तो एक-दोन मिलिमीटर सरकवला की वीस मीटरांवरचा नागडा बाण वितीने सरकतो. बांबूचा नागडा बाण फार तिरपा लागला तर मोडतो, तेवढी काळजी घ्यावी.

दुसरी रीत कागदाची. लाकडी चौकटीवर जुने वर्तमानपत्र ताणून लावावे, मागे पाच फुटांवर गवताची फळी ठेवावी, आणि चार-पाच फुटांवरून त्या कागदातून बाण मारावा. बाण सरळ गेला तर एक भोक आणि पिसांच्या तीन चिरा एवढेच उमटते. शेपूट वर असेल तर कागद वर फाटतो, खाली असेल तर खाली. वर्तमानपत्राचा इतका प्रामाणिक उपयोग आम्ही दुसरा पाहिलेला नाही. (संपादक मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी राग मानू नये.)

पिसांविषयीही थोडे. एका बाणाला तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची लावावीत. डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळलेले असते, उजव्याचे दुसऱ्या. दोहोंची भेसळ केली तर एक पीस बाणाला इकडे फिरवते आणि दुसरे तिकडे.

या सर्व तपासणीत एक शिस्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोरीचा पीळ, धाग्याची जागा आणि टोकाचे वजन अशा तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि बाण सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. बिघडला तर मागे कोठे जायचे तेही कळत नाही. म्हणून वही ठेवावी. तारीख, अंतर, काय बदलले, बाण कोठे लागला. आणि एका बाणावरून निर्णय देऊ नये. पाच-सहा बाणांचा पुंजका पाहावा. पुंजका घट्ट पण भलत्या जागी असेल तर हात चांगला आहे आणि हत्यार जुळलेले नाही. पुंजकाच विखुरलेला असेल तर आधी बाण एकसारखे आहेत का पाहावे, आणि ते एकसारखे निघाले तर मग हाताकडे वळावे. हातालाही दोष असतात, पुष्कळ असतात. त्याची पाळी नंतरची, एवढेच आमचे म्हणणे.

शिकारी लोकांची अडचण आणखी एक पायरी पुढची असते. अमेरिकेत अनेक राज्यांत परवाना घेऊन धनुष्याने शिकार करता येते. तेथे सरावाला साधे गोल टोक वापरतात आणि रानात रुंद पात्याचे. हे रुंद पाते बाणाच्या तोंडाशी पंखासारखे काम करते. मागे पिसे आणि पुढे पाते, अशी दोघांची ओढाताण हवेत चालते. बाण जरा जरी तिरपा सुटला तरी पाते त्याला आणखी तिरपा नेते. सरावात जो बाण पिसांनी सावरला असता तोच रानात हातभर बाजूला जातो आणि जनावराच्या छातीऐवजी मांडीत घुसतो. म्हणून तेथील जबाबदार शिकारी हंगामापूर्वी दोन्ही प्रकारची टोके एकाच ठिकाणी लागेपर्यंत धनुष्य जुळवत बसतो. आपल्या रानात कमठा घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे कागद नव्हता, मोजपट्टी नव्हती, पण उपाशी परतण्याची भीती होती. राजस्थानचा लिंबाराम बांबूच्या धनुष्याने पाखरे मारी; १९८७ साली सरकारी निवड चाचणीत तो सापडला आणि पुढे ऑलिंपिकला गेला. त्याच्या हाताचे कौतुक सर्वांनी केले. त्या हाताने लहानपणी किती काड्या वाकवून पाहून टाकून दिल्या असतील, ते कोणी विचारले नाही.

एकलव्याचे नाव या विषयात निघणारच. भिल्ल धनुर्धर दोरी ओढताना अंगठा लावत नाहीत आणि ते एकलव्याच्या आठवणीने, असे सांगतात. आज ऑलिंपिकच्या मैदानावर सगळे जग तीन बोटांनीच दोरी ओढते, अंगठा बाजूला ठेवून. मागितलेला अंगठा निदान त्या मैदानावर तरी निरुपयोगी ठरला, याचा आम्हाला थोडा आनंद होतो.

आता चाकांच्या धनुष्याविषयी. मिसूरी राज्यातल्या हॉलेस अ‍ॅलन नावाच्या माणसाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना विकेंद्री चाके बसवली. त्याचे पेटंट त्याला १९६९ साली मिळाले. ओढताना मध्ये जोर लागतो, पण शेवटी चाके फिरून गेली की साठ-सत्तर टक्के भार उतरतो, कधी त्याहूनही जास्त, आणि माणूस शांतपणे नेम धरू शकतो. याला कंपाउंड म्हणतात, आणि या प्रकारात आज आपल्या महाराष्ट्राची मुले जगात पुढे आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी, दोघेही एकाच दिवशी वैयक्तिक जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले, दीडशेपैकी दीडशे. हे वर्तुळ पन्नास मीटरांवर असते आणि त्याचा व्यास आठ सेंटिमीटर असतो, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षीच्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असे हरवले. एका गुणाने! एवढ्या बारीक अंतरावर सामने ठरतात तेथे दोन चाके एका क्षणी फिरतात की एक केसभर मागे राहते, दोरी उन्हाने ताणली की नाही, बाणाचा टेकू अर्धा मिलिमीटर सरकला की काय, हे सर्व मोजावे लागते. यातले पुष्कळसे आम्हाला पुस्तकातून कळले आहे, हाताने नव्हे. म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. एवढे मात्र जाणतो की अशा धनुष्याचा सगळा सरंजाम लाखांच्या घरात जातो, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार घेण्याचा निर्णय २०२५ साली झाल्यापासून त्याची ओढ वाढली आहे.

ज्याला नवे परवडत नाही तो जुने विकत घेतो. येथे आमच्या जिल्ह्यातल्या पालकांना आम्हाला काही सांगायचे आहे. जुने धनुष्य दुसऱ्या माणसाच्या हाताच्या लांबीला आणि ताकदीला जुळवलेले असते. मोठ्या मुलाचा सदरा धाकट्याला चालतो, तसे धनुष्य चालत नाही. त्याच्याबरोबर आलेले बाण तर मुळीच चालतील असे धरू नका. विकणाऱ्याला विचारा : ओढ किती पौंडांची? काडीवर आकडा कोणता? टोकाचे वजन किती? उत्तर आले नाही तर पैसे खिशात ठेवा. बांबूचे धनुष्य घेतलेत तर सराव संपताच दोरी उतरवा. चढवलेल्या दोरीने बांबू वाकलेलाच राहायला शिकतो. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत ठेवू नका, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवू नका.

आणि जे शाळांना साहित्य पुरवतात, मग ते खाते असो वा देणगीदार, त्यांच्याकडे आमची मागणी आहे. संघटनेच्या माणसाला मागणी केल्याशिवाय खाली बसता येत नाही. डझनभर बाण देताना ते मोजून, एका झोलाचे द्यावेत, आणि झोलाचा आकडा पावतीवर लिहावा. प्रत्येक केंद्रावर एक फळी, दोन खिळे, नऊशे ग्रॅमची वजने, एक मोजपट्टी, कागदाची एक चौकट आणि एक वही असावी. याचा खर्च एका बाणाच्या किमतीहून फार वर जाणार नाही. मुलाचे नाव यादीतून काढण्यापूर्वी त्या वहीचे पान समोर ठेवावे. आमची ती फळी अजून हमाल भवनाच्या मागच्या खोलीत आहे, खिळ्यांसकट. ज्यांच्या मुलांचे बाण एकाच बाजूला जात असतील त्यांनी रविवारी सकाळी नऊनंतर यावे. बाण आणावेत, आणि मुलालाही आणावे, कारण कोणता बाण कोठे जातो ते त्यालाच ठाऊक असते.